बांधापलीकडचं घर

"वाळीत टाकलेल्याचं बोलणं आपण गाळायचं नाही," रोहिदास म्हणाला. "ते सगळ्यांच्या पडद्यावर दिसलं पाहिजे."

"मग वाळीत टाकून उपयोग काय?" मी म्हटलं. "मी सरळ त्याचं तोंड बंद करणार होते. त्यानं काहीही लिहिलं तरी कुणाला दिसणार नाही."

"तसं केलंस तर त्याला वाटेल नेट गेलंय. त्याला कळायला हवं की समोरच्याला ऐकू आलंय." तो खुर्चीत मागे रेलला. "फक्त जो उत्तर देईल, तोही वाळीत. एवढाच नियम ठेवू. बाकीचं लोक आपापलं करतील."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतका साधा आणि इतका पक्का नियम मला कधी सुचला नसता.

"हे तुला सुचलं कसं?"

"सुचलं," तो म्हणाला आणि पुन्हा कीबोर्डकडे वळला.

आम्ही दोघं नाशिकला एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होतो. माझ्या मामाच्या चष्म्याच्या दुकानावर एक रिकामी खोली होती, शनिवार-रविवार तिथं बसून आम्ही हा खेळ बांधत होतो. खेळात चित्रं नव्हती, फक्त अक्षरं. 'तुम्ही धक्क्यावर उभे आहात. ओहोटी लागली आहे. पूर्वेला शाळा, दक्षिणेला विहीर.' खेळणाऱ्यानं 'पूर्वेला जा' असं लिहायचं, की तो शाळेपाशी पोचायचा. त्याच वेळी साताऱ्याचा, अमरावतीचा, दुबईत नोकरीला असलेला असा कुणी ना कुणी शाळेपाशी उभा असायचा. मग बोलणं, भांडणं, मासळीचा सौदा, लग्नं जुळवणं, सगळं लिहून. खेळातल्या गावाचं नाव आम्ही खारवेळी ठेवलं होतं. कोकणातलं, खाडीकाठचं गाव.

मी देशावरची. खाडी मी लांबून पाहिलेली. त्यामुळे रोहिदास सांगायचा आणि मी जागांची वर्णनं लिहायची, असं ठरलं होतं. विहिरीला दोन रहाट आहेत, दुसरा कुरकुरतो. गिरणीच्या भिंतीला बसून लोक बिड्या ओढतात, म्हणून ती भिंत पाठीच्या उंचीपर्यंत काळी झाली आहे. हे सगळं त्याचं. नियमही त्याचेच. विहिरीवर कुणी काही बोललं, तर ते वाक्य गिरणीपर्यंत पोचताना त्यातला एक शब्द बदलायचा. अफवा कशी होते ते त्यानं एवढ्याशा युक्तीत बसवलं होतं. ज्यांची गावात पत वाढेल ते पाच जण पंच होणार, आणि त्यातल्या तिघांनी ठरवलं की माणूस वाळीत.

एका जागेबद्दल मात्र तो मला काही लिहू देईना. गावाच्या टोकाला, खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या पलीकडे, त्यानं एक घर ठेवलं होतं. त्याचं वर्णन त्यानं स्वतः लिहिलं. 'बांधापलीकडे एक घर आहे. दार बंद आहे.' बस.

"आत काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही. तिथं कुणी जाणार नाही."

खेळ चालला. इतका चालेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे लोकांना सगळ्यात जास्त आवडला तो वाळीत टाकण्याचा नियम.

पहिली वाळीत पडली ती शेवंती नावाची बाई. खऱ्या आयुष्यात ती अकोल्याची एक शिक्षिका होती, आणि खेळात तिनं एका पंचाच्या जावयाला मासळीच्या वजनात पकडलं होतं. पंचांनी तिला वाळीत टाकलं. ती विहिरीवर यायची, 'पाणी भरू का?' असं लिहायची. विहिरीवर सात-आठ जण असायचे. सगळ्यांना ते वाक्य दिसायचं. मग ते सगळे एकमेकांशी हवापाण्याबद्दल बोलायला लागायचे. शेवंती गिरणीवर जायची, धक्क्यावर जायची. 'कुणी आहे का?' असं ती लिहायची. सगळे असायचे.

चार-पाच दिवसांनी तिनं आम्हाला कळवलं की हा नियम काढून टाका, मला जेवण जात नाही.

मी घाबरले. रोहिदासला म्हटलं, "काढू या. बाई खरंच हलली आहे."

"ती उठून कॉम्प्युटर बंद करू शकते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं.

त्यानंतर एकदाच कुणीतरी शेवंतीला उत्तर दिलं. अबोली नावाची एक नवी पोरगी विहिरीवर आली आणि तिनं लिहिलं, 'भरा ना मावशी, मी रहाट धरते.' तासाभरात पंचांनी अबोलीलाही वाळीत टाकलं. रोहिदास ती ओळ पडद्यावर कितीतरी वेळ बघत बसला होता.

आणि मग तांडेल आला.

हे त्यानं खेळात घेतलेलं नाव, तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. तो खेळतच नसे. जाळं घेतलं नाही, होडी घेतली नाही, कुणाशी बोलला नाही. नुसता गावभर हिंडायचा. चालवणारे म्हणून आम्हाला प्रत्येकाच्या हालचाली दिसायच्या. 'विहीर पाहा.' 'रहाट पाहा.' 'गिरणीची भिंत पाहा.' एखादा सरकारी माणूस पाहणीला यावा तसं. दोन दिवसांनी तो शाळेपाशी उभा राहिला आणि पहिल्यांदा बोलला.

'गिरण शाळेच्या डावीकडे हवी.'

मी हसले. "हा बघ, आपल्याला आपलंच गाव शिकवतोय."

रोहिदास हसला नाही. तो उठून खिडकीपाशी गेला, खाली रस्त्यावर बघत राहिला. मग म्हणाला, "मी मुद्दाम उजवीकडे ठेवली होती."

"म्हणजे?"

"काही नाही."

त्या दिवसापासून तांडेल रोज येऊ लागला. बांध ओलांडायचा आणि त्या घरासमोर उभा राहायचा. काही लिहायचा नाही. अर्धा-अर्धा तास उभा, मग निघून जायचा. मी दुसऱ्या कुणाच्या हालचाली बघत असले तरी माझा डोळा तिकडे जायचा. 'तांडेल बांधापलीकडे उभा आहे.' एवढी एकच ओळ. पण ती दिसली की मला खोलीचं दार लावून घ्यावंसं वाटायचं.

पुढं तो खेळायला लागला. चांगला खेळला. उधारी दिली, भांडणं मिटवली, आणि महिन्याभरात पंच झाला. पंच झाल्यावर त्यानं पहिली बैठक बोलावली. आम्ही दोघं शेजारी बसून पडद्यावर बघत होतो. रविवारची दुपार होती, खाली मामा कुणाचे तरी डोळे तपासत होता, त्याचा आवाज येत होता.

तांडेलनं लिहिलं, 'वाळीत हिराजी.'

खेळानं उत्तर दिलं, 'या नावाचं गावात कुणी राहत नाही.'

'वाळीत हिराजी.'

'या नावाचं गावात कुणी राहत नाही.'

तो पुन्हा पुन्हा तेच लिहीत राहिला. बाकीचे पंच विचारायला लागले की हा हिराजी कोण.

"हा हिराजी कोण रे?" मीही विचारलं.

"माझे बाबा," रोहिदास म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. गावाचं खरं नाव त्यानं तेव्हाही उच्चारलं नाही, आणि मीही इथं लिहीत नाही. तो चौथीत असताना गावकीनं एका विधवेचं घर देवळासाठी मागितलं होतं. ती देईना. हिराजींनी तिच्या बाजूनं साक्ष दिली. त्या दिवसापासून त्यांच्या घराशी बोलणं बंद. गिरणीवाला दळण घेईना. होडी किनाऱ्यावर ओढायला कुणी हात लावेना. शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे, पण रोहिदासनं 'हजर' म्हटलं की वर्गातली पोरं खाली बघायची. आजी गेली तेव्हा बाबा आणि दोन परगावचे पाहुणे, चौथा खांदा त्याचा. तो सहावीत होता.

"मग?"

"मी शिकायला बाहेर पडलो. गेल्या वर्षी गावकीनं परत घेतलं. अट एकच. झालं ते बाहेर कुणाला सांगायचं नाही. वैशाखात जागृतीचं लग्न आहे. गावातच."

जागृती त्याची धाकटी बहीण. तालुक्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती.

"मग हा खेळ तू का बांधलास?" मी विचारलं.

"मला बघायचं होतं. ना कुणी कुणाचा भाऊबंद, ना कुणाला जमिनीचा धाक. नुसती अक्षरं. तरी कुणी उत्तर देतं का." त्यानं पडद्यावरून नजर काढली. "एकीनं दिलं."

पुढच्याच शनिवारी दोन माणसं जिना चढून आली. मामाच्या दुकानातला पोऱ्याच त्यांना वर घेऊन आला. एक पांढऱ्या सदऱ्यातले, साठीचे, शांत चेहऱ्याचे. दुसरा रोहिदासच्याच वयाचा, इन केलेला शर्ट. म्हाताऱ्यांच्या हातात कापडी पिशवी होती, तिच्यातून सुक्या सोड्यांचा वास येत होता.

"नाना," रोहिदास उभा राहिला. तो नमस्काराला वाकला. गावकीत यांचाच शब्द चालतो, हे मला नंतर कळलं.

"बस, बस. तुझ्या आवशीनं सोडे दिलेत," नाना म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "ही ताई कोण?"

"वैजयंती. माझ्याबरोबर काम करते."

"बरं. ताई, तुम्हीपण बसा. लपवायचं काय नाय."

तो तरुण खोलीभर नजर फिरवत होता. आमच्या दोन कॉम्प्युटरांपाशी येऊन तो हसला. "तांडेल मीच. चौथीत एकाच बाकावर होतो आम्ही. ना रे?"

"हो, भालचंद्र," रोहिदास म्हणाला.

मी चहा मागवला. नानांनी बशीत ओतून तो सावकाश प्यायला. पावसाचं बोलले, कोळंबीच्या भावाचं बोलले. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "खेळ बरा केलायस. आमची पोरं मोबाईलवर खेळतात. नाव काढलंस गावाचं."

"गावाचं नाव कुठं घेतलंय मी, नाना."

"नाव घ्यावं लागतं का? विहीर आमची, रहाट आमचा. उद्या कुणी पेपरवाला खेळत बसला म्हणजे?" आवाज जराही चढला नव्हता. "ते वाळीतचं तेवढं काढ. आणि बांधापलीकडचं ते घर. बाकी ठेव, आमचं काय म्हणणं नाय."

"आणि नाही काढलं तर?"

"तर काय? तू शिकलेला." ते उठले. "जागृतीच्या लग्नाला गाव राबायला हवं. मांडव आहे, जेवण आहे. पल्याडचं वऱ्हाड मचव्यातनं येणार. एकट्या हिराजीनं व्हायचं का ते?"

जाताना भालचंद्रनं माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "ताई, गिरण डावीकडे करून घ्या," तो म्हणाला.

ते गेल्यावर मी म्हटलं, "काढून टाक. आत्ता काढ. खेळ आहे, रोहिदास. तिकडे तुझी आई राहते."

त्यानं मान हलवली. फोन उचलून त्यानं घरी लावला आणि टेबलावर ठेवला, मला ऐकू यावं असा. जागृतीनं उचलला. त्यानं सगळं सांगितलं.

"म्हणून मी काढून टाकतोय," तो शेवटी म्हणाला. "तुझ्या लग्नापुरतं तरी."

"दादा, मी ते घर बघितलंय," जागृती म्हणाली. "कॉलेजच्या लॅबमध्ये मी रोज खेळते. अबोली मीच."

रोहिदास फोनवर वाकला.

"तू दार बंद आहे असं का लिहिलंस? आपलं दार कधी बंद होतं? आई ते रोज सकाळी उघडायची आणि दिवे लागेपर्यंत तसंच ठेवायची. ओटा सारवायची. रांगोळी काढायची. कुणी येणार नाही हे माहीत असून. तू हे विसरलास का?"

"विसरलो नाही."

"मग खोटं का लिहिलंस? लिहायचंय तर नीट लिही. नाहीतर काढून टाक, मला काही वाटणार नाही. पण माझ्या लग्नासाठी काढतोस असं म्हणू नको."

"जागृती, ते कुणी येणार नाहीत लग्नाला."

"माहीत आहे. तिकडच्या माणसांना मी साखरपुड्याआधीच सगळं सांगितलंय. बाबांना देऊ का फोन?"

बाबांचा आवाज आला, बारीक, लांबून. "पोर म्हणते तसं कर," एवढंच ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

रोहिदासनं खुर्ची माझ्याकडे सरकवली. "तू लिही," तो म्हणाला. "मी सांगतो." आणि संध्याकाळपर्यंत आम्ही ते घर लिहिलं. ओटा, रांगोळी, कुणी न ओढलेली होडी, घरातलं जातं आणि ते ओढून आईच्या तळहाताला पडलेले घट्टे. दार उघडं केलं. कुणीही आत जाऊ शकेल असा रस्ता ठेवला. आम्ही काय करतोय ते नानांना आणि भालचंद्रला तिकडे बसून दिसत असणार, हे मला ठाऊक होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी एसटीनं गावात उतरले. रस्ता विचारायची गरज नव्हती, पण सवयीनं मी विहिरीवरच्या बायकांना विचारलं, "हिराजींचं घर कुठं?" पाच-सहा जणी होत्या. एकीनं माझ्याकडे बघितलं. मग त्या सगळ्या एकमेकींशी बोलायला लागल्या, आंब्याबद्दल. दुसरा रहाट कुरकुरत होता. मी चालू लागले. शाळेच्या डावीकडे गिरण होती, तिच्या काळ्या भिंतीला टेकून माणसं बसली होती. मी लिहिलेल्या गावातून मी चालत होते, आणि मान वळवायची मला भीती वाटत होती.

मांडववाला आला नव्हता. आचारी आला नव्हता. बाबा आणि रोहिदासनं बांबू स्वतः रोवले होते. हळद लावायला पाच सवाशिणी लागतात, तिथं एकट्या आई होत्या. त्यांनी मला हाताला धरून पुढं ओढलं.

"माझं लग्न झालेलं नाही," मी म्हटलं.

"हात आहेत ना," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाडाचा मचवा खाडीच्या वळणावर दिसला. आम्ही धक्क्यावर गेलो तर सगळं गाव तिथं आधीच उभं होतं. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते, लग्नाला आल्यासारखे. नाना पुढं होते, त्यांच्या मागे भालचंद्र. कुणी बोलत नव्हतं.

मचवा जवळ आला. "दोर घ्या," पुढच्या खलाशानं हाक दिली आणि दोर फेकला. तो धक्क्यावर पडला, गावकऱ्यांच्या पायांपाशी. कुणी वाकलं नाही. दोर हळूहळू घसरत पाण्यात गेला. खलाशानं तो ओढून घेतला, पुन्हा फेकला. पुन्हा तेच.

रोहिदास पुढं घुसू लागला. त्याला कुणी अडवलं नाही. पण कुणी बाजूलाही झालं नाही. तो खांद्यानं ढकलत होता आणि ती माणसं जागची हलत नव्हती, नजर खाडीवर ठेवून. बाबा दुसरीकडून प्रयत्न करत होते. म्हातारा माणूस, त्यांचा फेटा सुटून खांद्यावर आला होता.

"ओहोटी लागलीय," मचव्यावरून कुणीतरी ओरडलं. "फार थांबता यायचं नाय. रुतेल."

मला वाटलं, आता मचवा वळणार. भालचंद्रच्या चेहऱ्यावरही मला तेच दिसलं.

तेवढ्यात जागृती आमच्या मागून बाजूला झाली. तिनं शालू गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि धक्क्याच्या कडेनं, जिथं माणसं नव्हती तिथून, सरळ चिखलात उतरली. खाडीचा काळा चिखल, पोटऱ्यांपर्यंत पाय जाणारा. एक पाय काढायचा, दुसरा टाकायचा. मुंडावळ्या चेहऱ्यावर येत होत्या, त्या ती एका हातानं मागे सारत होती. मागोमाग आई उतरल्या. मग बाबा. मी चपला काढून हातात घेतल्या आणि उतरले. सगळं गाव वरून बघत होतं. चिखलातून पाय निघण्याचा आवाज तेवढा येत होता.

मी मागे वळून रोहिदासला हाक मारली.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "घर आज रिकामं टाकता येणार नाही."

मचव्यावरून हात खाली आले आणि आम्हाला एकेक करून वर ओढलं. नवरा मुलगा अवघडून उभा होता. त्याच्या आईनं जागृतीला फळीवर बसवलं. लग्नात मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांचे पाय धुवायचे असतात. त्या बाईनं खाडीत तांब्या बुडवला आणि जागृतीच्या पायांवरचा चिखल धुवायला बसली. जागृती तेव्हा पहिल्यांदा रडली.

मचवा वळला. बाबा मुलीकडे बघत नव्हते, किनाऱ्याकडे बघत होते. मीही बघितलं. रोहिदास धक्क्यावर एकटा एका बाजूला होता, आणि आता मचव्याकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे त्याच्याकडे वळले होते.

त्याला कुणी हात लावला नाही. ते कधीच हात लावत नाहीत. आम्ही पल्याड लग्न लावून दुसऱ्या दिवशी परतलो तेव्हा तो ओट्यावर बसला होता. रात्रभर घराभोवती माणसं येऊन उभी राहत होती, एवढंच तो म्हणाला. काय झालं ते त्यानं पुढं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढं काही वर्षांनी वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झाला. हिराजींनी तक्रार केली, आणि गावकीनं सगळ्यांसमोर बहिष्कार मागे घेतला. आमचा खेळ त्याआधीच थंडावून बंद पडला होता. रोहिदास आता पुण्यात असतो, जागृतीला दोन मुलं आहेत.

मध्यंतरी तिचा फोन आला होता. मी तिच्या आईची चौकशी केली.

"आता सगळे बोलतात तिच्याशी," जागृती म्हणाली. "हळदीकुंकवाला बोलावतात. विहिरीवर हाका मारतात. ती जाते, बसते, आणि लगेच उठून घरी येते. मी विचारलं तर म्हणाली, त्या बोलायला लागल्या की पुढं काय म्हणायचं ते मला आठवत नाही."